काढण्याचा अधिकार आणि काढण्याचे कारण: अमेरिकेतील सरकारी वकिलांच्या बडतर्फीचे प्रकरण

मला विचारलेला प्रश्न असा आहे: अमेरिकेत केंद्र सरकारच्या सरकारी वकिलांना राष्ट्राध्यक्षच नेमतात आणि तेच काढतात. बिल क्लिंटन यांनी १९९३ मध्ये जवळजवळ सगळ्यांना एकदम घरी पाठवले होते. मग जॉर्ज डब्ल्यू. बुश यांच्या कारकिर्दीत २००६ मध्ये आठ-नऊ जणांना काढल्यावर एवढे वादळ का उठले, आणि त्यात देशाच्या अॅटर्नी जनरलना, म्हणजे न्याय खात्याच्या प्रमुखांना, पद का सोडावे लागले? राष्ट्राध्यक्षांनी बेकायदा असे काय केले?

मी सव्वीस वर्षे सत्र न्यायालयात सरकारतर्फे फौजदारी खटले चालवले आहेत. त्यामुळे हा प्रश्न मला केवळ घटनाशास्त्राचा वाटत नाही. अधिकार होता का, याचे उत्तर एका ओळीत देता येते: होता. तो कशासाठी वापरला गेला आणि त्याबद्दल संसदेला काय सांगितले गेले, यावरून सगळा वाद झाला.

प्रथम पदाबद्दल. न्यूयॉर्कमध्ये किंवा कॅलिफोर्नियात राहणाऱ्या आपल्या नातेवाइकांकडून ज्यांचा उल्लेख 'डीए' (डिस्ट्रिक्ट अॅटर्नी) असा ऐकू येतो, ते स्थानिक सरकारी वकील बहुतेक राज्यांत लोकांनी निवडून दिलेले असतात आणि त्यांचा या प्रकरणाशी संबंध नाही. येथे विषय आहे तो 'युनायटेड स्टेट्स अॅटर्नी' या केंद्रीय पदाचा. १७८९ च्या न्यायव्यवस्था कायद्याने निर्माण झालेली अशी ९३ पदे आज आहेत. राष्ट्राध्यक्ष नाव सुचवतात, सिनेट संमती देते आणि मुदत चार वर्षांची असते. आजच्या कायद्यात एक छोटे वाक्य आहे की, यांपैकी प्रत्येकाला राष्ट्राध्यक्ष पदावरून दूर करू शकतात. चार वर्षांची मुदत पुरी होण्याआधी काढता येते का, हा वाद अलाबामातील पार्सन्स नावाच्या सरकारी वकिलाने थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेला होता, आणि १८९७ मध्ये न्यायालयाने त्याच्या विरुद्ध निकाल दिला. तेव्हापासून कायदा स्पष्ट आहे.

आपल्याकडच्या वाचकाने एक फरक नीट ध्यानात घेतला पाहिजे, कारण त्याशिवाय या प्रकरणाचे गांभीर्य कळत नाही. आपल्या पद्धतीत तपास पोलीस करतात, दोषारोपपत्रही पोलीसच दाखल करतात, आणि सरकारी वकिलाच्या हाती कागद येतात ते त्यानंतर. मी कितीतरी खटले असे चालवले आहेत की ज्यांतला पंचनामा मी असतो तर तसा लिहू दिला नसता, पण तोवर वेळ निघून गेलेली असे. अमेरिकेत केंद्रीय गुन्ह्यांच्या बाबतीत सरकारी वकील तपासाच्या पहिल्या टप्प्यापासून एफबीआयच्या बरोबर बसतो. कोणाला समन्स काढायचे, कोणाला माफीचा साक्षीदार करायचे, आरोप ठेवायचा की नाही हे ठरवणाऱ्या सोळा ते तेवीस नागरिकांच्या ग्रँड ज्युरीपुढे प्रकरण केव्हा न्यायचे आणि न्यायचे की नाही, हे सगळे तोच ठरवतो. आपल्याकडचा तपास अधिकारी आणि सरकारी वकील या दोघांचे अधिकार एका खुर्चीत आणून बसवले तर जे होईल, ते हे पद. रॉबर्ट जॅक्सन हे पुढे सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले. १९४० मध्ये अॅटर्नी जनरल असताना त्यांनी याच वकिलांपुढे भाषण करताना सांगितले होते की, माणसाच्या जीवनावर, स्वातंत्र्यावर आणि अब्रूवर सरकारी वकिलाइतका ताबा अमेरिकेत दुसऱ्या कोणाचाही नसतो. म्हणून त्या खुर्चीतल्या माणसाची नोकरी कोणाच्या मर्जीवर आहे, हा साधा प्रशासकीय प्रश्न राहत नाही.

आता क्लिंटन यांच्याबद्दल. नवा राष्ट्राध्यक्ष, त्यातही दुसऱ्या पक्षाचा, आला की आधीचे सरकारी वकील जातात आणि नवे येतात, ही तेथील जुनी रीत आहे. मार्च १९९३ मध्ये अॅटर्नी जनरल जॅनेट रेनो यांनी सरसकट राजीनामे मागितले तेव्हा त्या घाईवर टीका झाली, आणि राजधानीतील एका बड्या काँग्रेस सदस्याची (काँग्रेस म्हणजे तेथील संसद) चौकशी करणाऱ्या वकिलाचे निमित्त करून संशयही व्यक्त झाला. तो संशय गैरलागू होता असे मी म्हणणार नाही. तरी सर्वांना एकदम काढण्यात एक गोष्ट होत नाही: कोणा एकाला त्याने हाताळलेल्या विशिष्ट प्रकरणाची शिक्षा केली, असा निरोप उरलेल्यांना जात नाही. स्वतःच नेमलेल्यांतून मुदतीच्या मध्यावर निवडक नावे वेचून काढली की तो निरोप जातो. २००६ मध्ये काढलेले सगळे वकील बुश यांनीच नेमलेले होते.

७ डिसेंबर २००६ या एकाच दिवशी न्याय खात्याच्या एका अधिकाऱ्याने सात जणांना फोन करून राजीनामे मागितले. सॅन डिएगोच्या कॅरल लॅम, न्यू मेक्सिकोचे डेव्हिड इग्लेसियस, सिएटलचे जॉन मके, नेवाडाचे डॅनियल बॉग्डन, अॅरिझोनाचे पॉल चार्लटन, मिशिगनच्या मार्गारेट कियारा आणि सॅन फ्रान्सिस्कोचे केविन रायन असे ते सात जण. आर्कान्साचे बड कमिन्स आणि मिझुरीचे टॉड ग्रेव्हज यांना त्याच वर्षी त्याआधीच जायला सांगितले गेले होते. कोणालाही कारण दिले गेले नाही, आणि बहुतेकांनी तक्रारही केली नाही. मर्जीने दिलेले पद मर्जीने जाते, हे त्यांना ठाऊक होते. न्याय खाते त्यानंतर गप्प राहिले असते तर हे प्रकरण वृत्तपत्रांच्या आतल्या पानावरच विरले असते, असे मला वाटते.

खाते गप्प राहिले नाही. जानेवारी २००७ मध्ये अॅटर्नी जनरल अल्बर्टो गोन्झालिस यांनी सिनेटच्या समितीला सांगितले की, राजकीय कारणासाठी असा बदल आपण कधीही करणार नाही. फेब्रुवारीत त्यांचे उपप्रमुख पॉल मॅक्नल्टी यांनी त्याच समितीपुढे सांगितले की, कमिन्स यांचा अपवाद सोडला तर बाकीच्यांना त्यांच्या कामगिरीमुळे काढले. या एका शब्दाने चित्र पालटले. ज्यांचे बहुतेक तपासणी अहवाल चांगले होते, अशा लोकांवर जाहीरपणे नालायकीचा शिक्का बसला आणि आतापर्यंत मुकाट्याने गेलेली माणसे बोलू लागली.

त्यांतील इग्लेसियस यांची साक्ष मी पुनःपुन्हा वाचली आहे. ऑक्टोबर २००६ च्या अखेरीस, निवडणुकीला दोनेक आठवडे असताना, बुश यांच्याच रिपब्लिकन पक्षाचे न्यू मेक्सिकोतील ज्येष्ठ सिनेटर पीट डोमेनिची यांनी त्यांना घरी फोन केला. आल्बुकर्क येथील न्यायालयाच्या इमारतीच्या बांधकामात दलाली खाल्ल्याचे प्रकरण तेव्हा तपासाखाली होते आणि त्यात डेमोक्रॅटिक पक्षाच्या एका माजी राज्य सिनेटरचे नाव येत होते. सिनेटरांनी विचारले की ही आरोपपत्रे नोव्हेंबरच्या आधी दाखल होतील का. इग्लेसियस म्हणाले, मला तसे वाटत नाही. सिनेटर म्हणाले, हे ऐकून मला फार वाईट वाटले. आणि फोन बंद झाला. न्यू मेक्सिकोच्याच प्रतिनिधी हेदर विल्सन यांचाही सीलबंद प्रकरणांबद्दल विचारणारा फोन त्याच महिन्यात आला होता. त्या स्वतः चुरशीच्या निवडणुकीत होत्या आणि पुढे नऊशेहून कमी मतांनी निवडून आल्या.

या संभाषणात आज्ञा नाही, धमकी नाही, शिवी तर नाहीच. कागदावर लिहून काढले तर मतदारसंघाची काळजी असलेल्या लोकप्रतिनिधीने केलेली विचारपूस वाटावी असे ते आहे. पण ज्याने हे काम केले आहे त्याला त्यातले वजन लगेच कळते. मला एकदा संध्याकाळी सातच्या सुमाराला असाच फोन आला होता. दुसऱ्या दिवशी एका जामीन अर्जाची सुनावणी होती. पलीकडच्या गृहस्थांनी माझी, घरच्यांची चौकशी केली, आणि मग सहज विचारल्यासारखे विचारले, "वकीलसाहेब, उद्या विरोध जोरात करणार आहात का?" मी म्हणालो, "तपासाचे कागद जसे सांगतील तसा करीन." ते म्हणाले, "बरं बरं, तुमचं काम आहे ते." एवढेच. दुसऱ्या दिवशी मी विरोध केला, अर्ज फेटाळला गेला. पुढच्या वर्षी माझी मुदत वाढवायची वेळ आली तेव्हा फाइल सात महिने हलली नाही. दोन गोष्टींचा संबंध होता, असे मी आजही शपथेवर सांगू शकत नाही. पण त्या सात महिन्यांत न्यायालयात प्रत्येक वेळी उभे राहताना तो आवाज माझ्या कानात होता. माझ्या शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या दोन तरुण सहकाऱ्यांनीही ती फाइल का हलत नाही, याचा आपापल्या परीने अर्थ लावला होता आणि मला त्याचे जास्त वाईट वाटे.

इग्लेसियस यांनी हा फोन नियमाप्रमाणे खात्याला तेव्हाच कळवला नाही, ही त्यांची चूक होती आणि त्यांनी ती मान्य केली. डोमेनिची यांनी मात्र त्यांच्याबद्दलच्या तक्रारी त्याआधीपासून थेट अॅटर्नी जनरलपर्यंत नेल्या होत्या. काढायच्या वकिलांच्या आधीच्या याद्यांत इग्लेसियस यांचे नाव नव्हते. ते यादीत आले निवडणुकीच्या सुमारास. खात्याने नंतर दिलेले एक कारण असे होते की ते कार्यालयातून फार काळ बाहेर असतात. ते नौदलाच्या राखीव दलात अधिकारी होते आणि त्यासाठी दर वर्षी काही आठवडे त्यांना देशाच्या लष्करी सेवेतच जावे लागे.

प्रकरणाला दुसरा एक धागा होता आणि कायद्याचा अभ्यास करणाऱ्यांनी तो अधिक बारकाईने पाहावा असे मला वाटते. जागा रिकामी झाली की अॅटर्नी जनरल १२० दिवसांसाठी हंगामी नेमणूक करू शकत, आणि त्यानंतरही कायम माणूस आला नाही तर नेमणूक जिल्हा न्यायालयाकडे जाई. मार्च २००६ मध्ये दहशतवादविरोधी पॅट्रियट कायद्याचे नूतनीकरण झाले तेव्हा एका कलमाने ही १२० दिवसांची मर्यादा गुपचूप काढली गेली. म्हणजे हंगामी माणूस सिनेटपुढे न जाता राष्ट्राध्यक्षांच्या कारकिर्दीच्या शेवटपर्यंत राहू शकत होता. आर्कान्सात कमिन्स यांच्या जागी व्हाइट हाउसचे राजकीय सल्लागार कार्ल रोव्ह यांचे माजी सहकारी टिम ग्रिफिन आले ते याच दाराने. काढणे सोपे असते तेव्हा नेमण्यावरचा अंकुश हाच खरा अंकुश असतो, आणि येथे तोच सैल केलेला होता. सिनेटने २० मार्च २००७ रोजी ९४ विरुद्ध २ मतांनी जुनी तरतूद परत आणली. त्या आकड्यावरून दिसते की बुश यांच्या पक्षातील सिनेटरांनाही हे पटलेले नव्हते. जूनमध्ये बुश यांनी त्या विधेयकावर सही केली.

मग कागद बाहेर येऊ लागले. २००५ च्या सुरुवातीलाच व्हाइट हाउसच्या कायदा सल्लागार हॅरिएट मायर्स यांच्याकडून सर्व ९३ जणांना काढण्याची कल्पना पुढे आली होती. त्यावर खात्यातील काइल सॅम्पसन यांनी ईमेलमध्ये लिहिले होते की, ऐंशी ते पंच्याऐंशी टक्के लोक उत्तम काम करत आहेत आणि ते 'निष्ठावान बुशवाले' आहेत. सरकारी वकिलाचे मोजमाप करताना निष्ठा हा रकाना त्या कागदावर उघड दिसतो. सॅम्पसन यांनी मार्चमध्ये राजीनामा दिला. मोनिका गुडलिंग या अधिकाऱ्याने मे महिन्यात खटल्यापासून संरक्षण मिळाल्यावर साक्ष दिली आणि खात्यातील कायम नोकऱ्यांसाठीही आपण राजकीय मते पाहिली, मर्यादा ओलांडली, असे कबूल केले. व्हाइट हाउसमधील काही जण सरकारी कामासाठी पक्षाच्या ईमेल खात्यांचा वापर करत होते आणि त्यांतील असंख्य ईमेल सापडले नाहीत. गोन्झालिस एप्रिलमध्ये पुन्हा समितीपुढे आले तेव्हा 'मला आठवत नाही' हे उत्तर त्यांनी इतक्या वेळा दिले की त्यांच्या स्वतःच्या पक्षाचे सदस्यही वैतागले. २७ ऑगस्ट २००७ रोजी त्यांनी राजीनामा जाहीर केला.

सप्टेंबर २००८ मध्ये न्याय खात्याच्याच महानिरीक्षकांचा सुमारे चारशे पानांचा अहवाल आला आणि मी तो प्रामाणिकपणाचा नमुना मानतो, कारण त्याने विरोधकांना हवे ते सगळे दिले नाही. कॅरल लॅम यांनी लाचखोरीच्या प्रकरणात रिपब्लिकन पक्षाचे काँग्रेस सदस्य रँडी कनिंगहॅम यांना आठ वर्षे चार महिन्यांची शिक्षा मिळवून दिली होती, म्हणून त्यांना काढले असा सर्वत्र समज होता. अहवालाने म्हटले की तसा पुरावा मिळत नाही, बंदुकांच्या आणि सीमेवरील घुसखोरीच्या खटल्यांची कमी संख्या हे कारण दिसते. रायन आणि कियारा यांच्या कार्यालयांतील प्रशासकीय अडचणी खऱ्या होत्या, हेही अहवालाने मान्य केले. इग्लेसियस यांच्याबाबत मात्र निष्कर्ष स्पष्ट होता: राज्यातील पक्षाच्या पुढाऱ्यांच्या आणि कार्यकर्त्यांच्या तक्रारींमुळे ते गेले, आणि त्या तक्रारींत तथ्य आहे का हे कोणी तपासलेही नाही. एकूण प्रक्रिया मुळातच सदोष होती, असा ठपका गोन्झालिस यांच्यावर आला. पुढे नोरा डॅनेही या अनुभवी सरकारी वकिलाने फौजदारी बाजूने चौकशी केली आणि २०१० मध्ये कोणावरही खटला भरण्यात आला नाही.

येथे प्रश्नाच्या शेवटच्या भागाचे उत्तर येते. बेकायदा असे काय झाले? दंडसंहितेच्या मापाने सिद्ध होईल असे काही नाही. मायर्स आणि व्हाइट हाउसचे प्रमुख अधिकारी जोशुआ बोल्टन यांनी संसदेची समन्स जुमानली नाहीत, तेव्हा न्यायाधीश जॉन बेट्स यांनी जुलै २००८ मध्ये निकाल दिला की राष्ट्राध्यक्षांच्या सल्लागारांना संसदेपुढे हजर राहण्यापासून सरसकट सूट नाही. माझ्या मते या प्रकरणातून कायद्याला मिळालेली ही सर्वांत टिकाऊ गोष्ट आहे. राष्ट्राध्यक्ष काढू शकतात, पण का काढले हे विचारण्याचा संसदेचा अधिकारही तितकाच खरा आहे.

हा प्रकार रिपब्लिकन पक्षापुरता नव्हता. नोव्हेंबर १९७७ मध्ये पेनसिल्व्हेनियाचे डेमोक्रॅट काँग्रेस सदस्य जोशुआ आयलबर्ग यांनी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांना फोन करून फिलाडेल्फियाचे सरकारी वकील डेव्हिड मार्स्टन यांना लवकर बदलण्याची विनंती केली, आणि जानेवारीत मार्स्टन गेले. मार्स्टन यांचे कार्यालय आयलबर्ग यांच्याशी संबंधित प्रकरण तपासत होते. आयलबर्ग यांनी पुढे १९७९ मध्ये गुन्हा कबूल केला. फोन करणारा कोणत्या पक्षाचा आहे हे विसरून हे प्रकरण आणि इग्लेसियस यांचे प्रकरण शेजारी ठेवून वाचावे, असे मी माझ्याकडे येणाऱ्या तरुण वकिलांना सांगत असतो.

डोनाल्ड ट्रम्प यांच्या दोन्ही कारकिर्दींत हा प्रश्न पुन्हा वर आला आहे. मार्च २०१७ मध्ये ४६ जणांचे राजीनामे मागितले गेले, त्यात न्यूयॉर्कचे प्रीत भरारा यांनी राजीनामा द्यायला नकार देऊन बडतर्फी पत्करली. पण ते सत्तांतरानंतरचे नेहमीचे बदल होते. सप्टेंबर २०२५ मधील व्हर्जिनियाचे प्रकरण वेगळ्या जातीचे आहे. तेथील सरकारी वकील एरिक सीबर्ट यांना जावे लागले, त्यांच्या जागी लिंडसे हॅलिगन आल्या आणि काही दिवसांतच एफबीआयचे माजी प्रमुख जेम्स कोमी यांच्यावर आरोपपत्र आले. नोव्हेंबरमध्ये न्यायाधीशांनी ते रद्द केले. कारण होते हॅलिगन यांची हंगामी नेमणूकच कायद्याप्रमाणे नव्हती, आणि त्यामागची मर्यादा तीच १२० दिवसांची, जी २००७ मध्ये संसदेने परत आणली होती.

आपल्याकडे कायदा वेगळ्या वाटेने गेला आहे, तेवढे सांगून थांबतो. उत्तर प्रदेश सरकारने फेब्रुवारी १९९० मध्ये एका परिपत्रकाने राज्यातील सर्व जिल्ह्यांच्या सरकारी वकिलांच्या नेमणुका, मुदत शिल्लक असो वा नसो, एकदम संपवल्या. श्रीलेखा विद्यार्थी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ते परिपत्रक मनमानी ठरवून रद्द केले, कारण या पदात सार्वजनिक कर्तव्याचा अंश आहे आणि राज्यघटनेचा समानतेचा अनुच्छेद १४ तेथेही लागू आहे. पार्सन्स यांना १८९७ मध्ये जे मिळाले नाही, ते आपल्या वकिलांना अशा रीतीने मिळाले. महाराष्ट्रातील शहाणे प्रकरणात १९९५ मध्ये सहायक सरकारी वकिलांना पोलीस खात्याच्या अमलाखालून बाहेर काढून स्वतंत्र अभियोग यंत्रणा उभी करण्याचा आदेशही झाला. मात्र न्यायालयाचे संरक्षण परिपत्रकाला पुरते, फोनला पुरत नाही. मालेगाव स्फोट खटल्यातील विशेष सरकारी वकील रोहिणी सालियन यांनी जून २०१५ मध्ये जाहीरपणे सांगितले की, आरोपींबाबत मवाळ राहावे असा निरोप आपल्याला तपास यंत्रणेच्या अधिकाऱ्याने आणून दिला. यंत्रणेने तो आरोप नाकारला. ज्या विद्यार्थ्याने मला हा प्रश्न विचारला, त्याने इग्लेसियस यांच्या साक्षीबरोबर सालियन यांचे ते निवेदनही मिळवून वाचावे, आणि दोन्ही ठिकाणी प्रत्यक्ष उच्चारलेले शब्द किती थोडे आहेत ते पाहावे.